मुलं खरंच वाचू लागली का? छोट्या संस्थेने आपल्या कामाचा परिणाम कसा मोजावा

‘या वर्षी ३० शाळांतल्या ६०० मुलांपर्यंत पोहोचलो’ हे वाक्य वार्षिक अहवालात सहज लिहून होतं. त्यातली किती मुलं वर्षअखेर वाचू लागली, आणि संस्था तिथे नसती तरी किती वाचू लागलीच असती, हे लिहायला बसलं की पेन अडतो. पुढच्या वर्षी हेच काम असंच चालू ठेवायचं की बदलायचं, हे मात्र या दुसऱ्या उत्तरावरच ठरतं. आठ-दहा कार्यकर्त्यांच्या संस्थेलाही ते मिळवता येतं. त्यासाठी पहिल्या दोन महिन्यांत काही गोष्टी नीट कराव्या लागतात, नंतर त्या दुरुस्त करता येत नाहीत.

इथे उदाहरण जिल्हा परिषद शाळांत वाचनाचं काम करणाऱ्या संस्थेचं घेतलं आहे. शिक्षणमित्र ताई रोज एक तास वर्ग घेतात, मुलं तिसरी ते पाचवीची. तुमचं काम आरोग्याचं, पाण्याचं किंवा बचत गटांचं असेल तर प्रश्न बदलतील, कामाचा क्रम हाच राहील.

आधी एक वाक्य

‘मुलांचा सर्वांगीण विकास’ मोजता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘तिसरी ते पाचवीतली जी मुलं जुलैमध्ये साधा परिच्छेद वाचू शकत नाहीत, त्यांच्यातली निम्मी तरी फेब्रुवारीअखेर तो न अडखळता वाचतील.’ कोण, काय, किती आणि कधीपर्यंत, हे चारही त्यात आलं पाहिजे. एकही सुटलं, तर वर्षाच्या शेवटी प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ काढतो.

मग या वाक्यापर्यंत पोहोचण्याची साखळी मांडा. ताई वर्ग घेते, मूल वर्गात येतं, त्याला त्याच्या पातळीचं शिकवलं जातं, ते वाचू लागतं. प्रत्येक कडीला एक आकडा जोडा: महिन्यात किती वर्ग झाले, किती मुलं आठवड्यातून चार दिवस तरी आली, किती वर्गांत पातळीनुसार गट पडले होते. साखळी बहुतेक वेळा दुसऱ्या कडीवर तुटते. ताईने २२ वर्ग घेतलेले असतात आणि ज्या मुलांना सर्वांत जास्त गरज आहे तीच त्यातल्या ९ वर्गांना आलेली असतात, कारण घरी धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं किंवा शेळ्यांमागे जायचं असतं. हजेरीचा आकडा जवळ नसेल तर दोष शिकवण्याच्या पद्धतीला लागतो, आणि संस्था नवं साहित्य छापत बसते.

चाचणी: छोटी, एकेकट्या मुलाची, सगळीकडे सारखी

नवी प्रश्नपत्रिका तयार करू नका. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेने २००५ पासून ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीसाठी वापरलेली वाचन चाचणी गावपातळीवर पारखलेली आहे आणि मराठीत उपलब्ध आहे. एका कागदावर चार पातळ्या असतात: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट.

सुरुवात परिच्छेदापासून करायची. मुलाने तो वाक्य म्हणून वाचला, शब्द सुटे करत नाही, आणि तीनपेक्षा जास्त चुका केल्या नाहीत, तर गोष्ट द्यायची. जमलं नाही तर शब्दांकडे यायचं: पाच शब्द वाचायला सांगायचे, चार बरोबर आले तर ‘शब्द’ पातळी. तेही जमलं नाही तर अक्षरं, तिथेही पाचातली चार. त्याहून खाली ‘प्रारंभिक’. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात. मूल अडलं तर थांबायचं, वाट पाहायची. शब्द सुचवायचा नाही. भोवती बाकीची मुलं जमली असतील तर चाचणी सुरूच करायची नाही, कारण तिसरं मूल येईपर्यंत परिच्छेद सगळ्यांना पाठ झालेला असतो. म्हणूनच कागदाचे किमान दोन वेगळे नमुने हवेत, आणि जुलैचा नमुना फेब्रुवारीत वापरायचा नाही.

नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली अशा भागांत काम असेल तर आणखी एक गोष्ट जोडा. घरी पावरी, कोरकू किंवा माडिया बोलणारं मूल मराठी परिच्छेद खणखणीत वाचून दाखवतं आणि त्यातलं त्याला काही कळलेलं नसतं. वाचून झाल्यावर दोन साधे प्रश्न विचारा आणि उत्तर त्याच्या घरच्या भाषेत येऊ द्या. त्यासाठी ती भाषा जाणणारी व्यक्ती सोबत लागते. तिचा खर्च आधीच धरा.

सर्वांत मोठी चूक माणसाकडून होते, कागदाकडून नव्हे. जी ताई शिकवते तीच चाचणी घेत असेल तर जुलैत तिचा हात आखडता असतो आणि फेब्रुवारीत सैल. यात लबाडी नसते. आठ महिने ज्या मुलासाठी राबलो ते अडखळलं की कानाला ते पूर्ण वाचल्यासारखंच ऐकू येतं. उपाय सोपा आहे: ताईंच्या शाळा अदलाबदल करा. शिवाय दहात एक मुलाची, म्हणजे ६०० पैकी ६० मुलांची, चाचणी आठवड्याच्या आत दुसऱ्या माणसाने पुन्हा घ्यायची. त्या ६० मध्ये सहापेक्षा जास्त मुलांची पातळी वेगळी आली, तर आकडे वापरायचे नाहीत. एक दिवस पुन्हा प्रशिक्षण घ्या आणि त्या शाळा पुन्हा तपासा.

मुलाची ओळख पक्की नसेल तर जुलैची यादी फेब्रुवारीच्या यादीशी जुळत नाही. ‘आरती’, ‘आरति’ आणि ‘आरती ताई’ ही एक्सेलमध्ये तीन मुलं होतात. हजेरी क्रमांक दर वर्षी बदलतो, तो वापरू नका. शाळेचा यू-डायस क्रमांक (सरकारने प्रत्येक शाळेला दिलेला क्रमांक) आणि त्यापुढे जनरल रजिस्टरचा क्रमांक, असा एक आकडा करा. नाव आणि हा आकडा यांची जोडी वेगळ्या कागदावर, कुलपात ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे, म्हणून पालकसभेतच संमतीपत्र घ्या. चाचणीची माहिती मोबाइलवर भरायची असेल तर कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके यांसारखं अ‍ॅप चालतं, पण हजार-बाराशे मुलांसाठी कागद आणि एक्सेल पुरतं.

कधी मोजायचं

शाळा उघडल्या उघडल्या बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची चाचणी, घेऊ नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं विसरलेली असतात, पट स्थिर झालेला नसतो, आणि विदर्भात तर शाळाच जूनच्या शेवटाकडे भरतात. जुलैचा पहिला पंधरवडा बरा.

शेवटच्या चाचणीबाबत मराठवाड्यात विशेष काळजी घ्यावी लागते. बीड, धाराशिव, जालना या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. फेब्रुवारीत चाचणी घ्यायला गेलात तर ती मुलं वर्गात नसतातच. हजर असलेल्यांचीच टक्केवारी काढली, तर सर्वांत अडचणीतली मुलं गणितातूनच गळतात आणि काम झालं त्याहून चांगलं दिसतं. आमच्या मते अहवालांत याइतकी घातक चूक दुसरी नाही, कारण ती आकड्यांत कुठेच दिसत नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. जुलैमध्येच ग्रामपंचायत, मुकादम आणि पालकांशी बोलून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी बनवा. सप्टेंबरअखेर एक मधली चाचणी घ्या, म्हणजे या मुलांचा निदान एक आकडा हाती राहील. आणि भाजक कधीही कमी करू नका: जुलैत ६०० मुलं होती तर फेब्रुवारीतही छेद ६००च, आणि ‘चाचणी झाली नाही’ हा स्वतंत्र रकाना. हा रकाना शंभरात दहाच्या वर गेला, तर एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलांची चाचणी घेण्यासाठी पुन्हा जा.

तुलनेशिवायचा आकडा फसवा

समजा तुमच्या ३० शाळांत जुलैला शंभरातली ३० मुलं परिच्छेद वाचत होती आणि फेब्रुवारीला ५८ वाचू लागली. शंभरामागे २८ मुलांची भर. अहवालात हे छान दिसेल. पण त्या आठ महिन्यांत मूलही मोठं झालं, शाळेतल्या गुरुजींनीही शिकवलं. शिवाय तुम्ही वर्गातली मागे पडलेली मुलंच निवडली असतील तर आणखी एक गफलत होते. चाचणीच्या दिवशी तापाने फणफणलेलं किंवा घाबरलेलं मूलही ‘मागे पडलेल्यांच्या’ यादीत येतं, आणि पुढच्या वेळी काहीही न करता ते वर गेलेलं दिसतं.

म्हणून काम नसलेल्या शाळांतही तीच चाचणी, त्याच आठवड्यात घ्या. समजा तिथे शंभरातली ३१ मुलं वाचत होती, ती ४५ झाली, म्हणजे भर १४. मग तुमच्या कामाचा वाटा २८ वजा १४, म्हणजे शंभरामागे १४ मुलं. ६०० मुलांत ८४.

आता खर्च. प्रकल्पावर वर्षाला १८ लाख रुपये लागले असं धरा, त्यात कार्यालयाचं भाडं आणि समन्वयकाचा पगारही आला पाहिजे. ‘एका मुलामागे ३,००० रुपये’ हा नेहमीचा आकडा. पण कामामुळे जास्तीच्या वाचू लागलेल्या एका मुलामागे खर्च आहे १८ लाख भागिले ८४, म्हणजे सुमारे २१,४०० रुपये. पहिल्यांदा हा आकडा पाहिला की बैठकीत सगळे गप्प होतात. तो लपवू नका. पुढच्या वर्षी वर्ग सकाळी घेतले, किंवा एका ताईकडे दोन शाळा दिल्या, तर तो खाली येतो की वर जातो, हे पाहायला हाच आकडा उपयोगी पडतो.

तुलनेच्या शाळा कशा निवडायच्या, यावर सगळं अवलंबून आहे. ‘उत्साही मुख्याध्यापक आहेत तिथे काम आणि उरलेल्या तुलनेला’ असं केलंत तर तुम्ही मुख्याध्यापकांचा उत्साह मोजाल. काम करायला तयार असलेल्या ६० शाळांची यादी करा आणि केंद्रप्रमुख व मुख्याध्यापकांसमोर चिठ्ठ्या टाका: ३० शाळांत या वर्षी, ३० शाळांत पुढच्या वर्षी. सगळ्यांसमोर काढलेली चिठ्ठी लोक मान्य करतात. तुमच्याकडे तसाही ३० शाळांपुरताच पैसा असतो, म्हणून कुणाच्या तोंडचा घास काढला असं होत नाही.

एकाही शाळेला ‘नाही’ म्हणणं नको वाटत असेल तर वडोदऱ्याचा मार्ग आहे. २००१ नंतर ‘प्रथम’च्या बालसखी कार्यक्रमाचा (मागे पडलेल्या मुलांना शिकवणारी गावातली किंवा वस्तीतली मुलगी म्हणजे बालसखी) अभ्यास झाला तेव्हा तिथे निम्म्या शाळांत बालसखी तिसरीसाठी दिली गेली आणि निम्म्या शाळांत चौथीसाठी. एका गटाची तिसरी दुसऱ्या गटाच्या तिसरीशी ताडून पाहता आली, आणि मदत प्रत्येक शाळेला मिळाली.

आरोग्यात तुलनेची ताकद पाहायची असेल तर गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेचं काम पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या चमूने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली आणि ४७ गावांत फक्त जन्म-मृत्यूची नोंद ठेवली. पहिल्या गावांत हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत २५ च्या आसपास आला, दुसऱ्या गावांत तो ६० च्या जवळच राहिला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ती ४७ गावं मोजली नसती, तर ‘एकूणच मृत्युदर कमी होतोय’ असं म्हणून कुणीही तो बदल झटकून टाकला असता. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या घरी जाऊन नवजात बाळ तपासतात, त्यामागे हा पुरावा आहे.

किती मुलं पुरतात

४०० मुलांची चाचणी घेतली की आकडा पाच टक्के इकडेतिकडे, हे गणित मुलं सुटी सुटी निवडली तरच खरं. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: गुरुजी तेच, गाव तेच. एका शाळेतली २० मुलं घेतलीत आणि त्यांच्यातलं साम्य ०.१५ असेल (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे अगदी सारखी), तर माहिती जितक्या पटीने कमी होते तो आकडा १ अधिक १९ गुणिले ०.१५, म्हणजे ३.८५. तुमची ४०० मुलं प्रत्यक्षात १०४ मुलांइतकीच माहिती देतात. तीच ४०० मुलं ४० शाळांतून, दर शाळेत १० अशी घेतलीत तर हा आकडा २.३५ आणि माहिती १७० मुलांइतकी. हात आखडायचा असेल तर शाळांवर नको, शाळेतल्या मुलांवर आखडा.

वरच्या उदाहरणातली कामाच्या शाळांतली ६०० आणि तुलनेच्या शाळांतली ६०० मुलं याच चाळणीतून काढली तर दोन्हीकडे सुमारे १५६ मुलांइतकी माहिती उरते. म्हणजे ‘१४’ हा आकडा ढोबळमानाने ३ ते २५ मध्ये कुठेही असू शकतो. एका वर्षाच्या आकड्यावर कार्यक्रम बंद करू नका आणि दुप्पटही करू नका.

पैसा कुठून आणि किती

६० शाळांतली १,२०० मुलं. प्रवास धरून एक माणूस दिवसाला २५ मुलं तपासतो, म्हणजे एका फेरीला ४८ दिवस आणि दोन फेऱ्यांना ९६. दिवसाला ६०० रुपये मानधन आणि २०० रुपये प्रवास धरला तर ७६,८०० रुपये. फेरतपासणीला १० दिवस, म्हणजे ८,००० रुपये. छपाई आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण १५,०००. एकूण लाखभर, १८ लाखांच्या साडेपाच टक्के. मधली चाचणी फक्त आपल्या ३० शाळांत घेतली तर त्यात आणखी १९,२०० मिळवा.

हा खर्च प्रस्तावात सुरुवातीलाच, ‘कार्यक्रमाची देखरेख आणि मूल्यमापन’ या नावाने लिहा. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) विभागाकडून ‘प्रशासनावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको’ असं ऐकू येतं. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाच्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च नियमांच्या व्याख्येनुसार त्यात येत नाही. शांतपणे नियम दाखवा. बाहेरच्या संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घेण्याची सक्तीही सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर दायित्व असलेल्या कंपन्यांवर, आणि १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांसाठी आहे. १८ लाखांच्या कामासाठी बाहेरचा महागडा अहवाल विकत घेण्यापेक्षा तो पैसा फेरतपासणीत घाला.

दुसरी अडचण मार्चची. जानेवारीत पैसे येतात आणि ३१ मार्चपर्यंत संपवायला सांगतात. मग दप्तरं वाटली जातात. वाचनाचं काम असं होत नाही. कंपनीला ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी द्यायला सांगा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे अशा प्रकल्पाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. देणगीदारांनी इतकं एकच केलं तरी संस्थांचं काम बदलेल.

आकडे हातात आल्यावर

कोणता आकडा आला तर काय करायचं, हे आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, सप्टेंबरच्या चाचणीत ‘प्रारंभिक’ आणि ‘अक्षर’ पातळीवरची मुलं जुलैच्या तीन चतुर्थांशाहून जास्त उरली, तर त्या शाळेत ऑक्टोबरपासून गट पुन्हा पाडायचे आणि समन्वयकाने आठवडाभर तिथेच बसायचं. आकडा पाहून नंतर ठरवायला गेलं की कारणं सापडतात: पाऊस, निवडणूक, गुरुजींची बदली.

वरच्या उदाहरणात सुरुवातीच्या वाक्याचं काय झालं तेही पाहा. जुलैत ६०० पैकी ४२० मुलं परिच्छेद वाचत नव्हती. फेब्रुवारीपर्यंत वाचणारी १६८ वाढली, म्हणजे त्या ४२० ची ४० टक्के. ‘निम्मी’ म्हटलं होतं, ती झाली नाहीत. अहवालात हे तसंच लिहा, आणि कुठल्या पातळीची मुलं अडली ते लिहा. बहुधा ‘शब्द’वरून परिच्छेदाकडे उडी लवकर जमते आणि ‘अक्षर’वरची मुलं तिथेच राहतात, कारण एका तासात ताईचा वेळ पुढच्या गटाकडे जातो. तास सुरू होताच पहिली २० मिनिटं खालच्या गटाला द्यायची, हा बदल फुकट आहे.

ताईंचं मानधन निकालाशी जोडू नका. जोडलंत की पुढच्या चाचणीपासून आकडे सुंदर येतील आणि कामाचे राहणार नाहीत. आकडे गावात मात्र न्या: पालकसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत, मुलाचं नाव न घेता, मोठ्या कागदावर चार पातळ्यांचे चार उभे पट्टे काढून. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईलाही कोणता पट्टा वाढला ते दिसतं, आणि ‘माझं पोरगं कुठल्या पट्ट्यात?’ हा प्रश्न ती सभेनंतर येऊन विचारतेच. तेव्हा तिला बाजूला घेऊन सांगा, आणि मूल आठवड्यात किती दिवस आलं तेही सांगा.

तुलनेच्या ३० शाळांना चिठ्ठ्यांच्या दिवशी दिलेला शब्द पाळायचा असतो. पुढच्या जुलैत तिथे वर्ग सुरू होतील, पण त्या वर्षीची पाचवीची मुलं तोवर सहावीला, बहुतेक दुसऱ्या गावच्या शाळेत गेलेली असतील. दोनदा तपासलं आणि शिकवलं एकदाही नाही, असं त्यांच्या बाबतीत होऊ नये. फेब्रुवारीच्या चाचणीत त्यांच्यातली जी मुलं परिच्छेदाच्या खाली राहिली, त्यांच्यासाठी एप्रिल-मेमध्ये गावातच सहा आठवड्यांचा वर्ग घ्या आणि त्याचा खर्च पहिल्याच प्रस्तावात धरा.